मधोमधचे ठिपके

२ मार्च

नगरपालिकेच्या पत्रकात लिहिलंय की तापाचा नकाशा 'विनामूल्य' करून मिळाला. विनामूल्यात काय काय गेलं ते मी इथे मांडून ठेवतो, पत्रकात ते यायचं नाही. शाळेतल्या शिक्षिकांना तीन आठवडे घरोघर हिंडवलं, त्यात चौथीच्या पोरांचे अपूर्णांक गेले. आरोग्य खात्याच्या दोन खोल्या गेल्या आणि त्यातला एकमेव चालणारा पंखा गेला. लसीच्या गाडीचा ड्रायव्हर गेला, तो आता फॉर्म वाटतो. शहाण्या माणसांच्या तीन सभा गेल्या, ज्यांत एकाही माणसाला एकही वाक्य पूर्ण करू दिलं गेलं नाही. माझी शाळेची ऑर्डर गेली, हॉस्पिटलची लटकली, आणि सकाळी पावाला रांगेत उभी राहणारी निम्मी माणसं आता समोरच्या फुटपाथवरून मान वळवून जातात, जणू मी त्यांना उधार मागणार आहे.

एवढं सगळं देऊन मिळालं काय? तर एक कागद. त्यावर शहराचे चाळीस तुकडे पाडलेत. अडतीस पांढरे नाहीतर फिकट गुलाबी. एक जरा जास्त गुलाबी. आणि सतरावा लालभडक. त्या सतराव्याच्या बरोबर मधोमध, माझ्या भट्टीच्या धुराड्यावर, ठिपक्यांचा असा घोस लटकलाय की पुढाऱ्याच्या गळ्यात हार घालावा.

टायफॉइड म्हणे. टायफॉइड आणि भट्टी! भट्टीत हात घातला तर हाताचा कोळसा होतो, तिथे जंतू काय चटई टाकून बसतो? हे मी आरोग्याधिकाऱ्यांना, म्हणजे साहेबांना, विचारलं. साहेब म्हणाले, "नकाशा शास्त्रीय आहे." या माणसाला घाम आला तरी तो आधी कुणाची तरी मंजुरी घेऊन पुसतो.

एकवीस तारखेला समितीची सभा आहे. त्यात बेकरी बंद करायची की नाही ते ठरणार.

४ मार्च

शत्रूच्या घरात जायचं तर हातात काहीतरी खायला घेऊन जावं, हे मी पोती वाहायचो तेव्हापासून पाळतो. आज क्रीमचे बन घेऊन नकाशाच्या खोलीत गेलो.

नकाशा करणारी एक पोरगी आहे. मोठ्या विद्यापीठातून आलेली, केस कापलेले, चपला अशा की डोंगर चढायला निघालीय. मी तिचं नाव ठिपकेबाई ठेवलंय. तिच्या हाताखाली एक चष्मिष्ट आहे, तो कॉम्प्युटरवर पत्ते भरतो.

"काका, आम्हाला हे घेता येत नाही," ठिपकेबाई म्हणाली.

"बाई, यात जंतू नाही, लोणी आहे."

चष्मिष्टाच्या तोंडात एव्हाना दुसरा बन होता. तेवढ्यात मी खुर्ची ओढून घेतली.

"मला एक सांगा, माझा तुकडा लाल कसा?"

"तुमच्या भागात जेवढी वस्ती आहे, तेवढ्यात दोघा-तिघांना ताप यायला हवा होता. सोळा जणांना आला."

"यायला हवा होता? कुणी ठरवलं? त्या दोघा-तिघांना तरी आधी विचारलंत का?"

ती हसली. हसते चांगली, हा तिच्यातला धोका. मग कागदावर चौकोन काढून समजावू लागली. तुकडा लहान असला की एका माणसाच्या तापानेही आकडा उसळतो. म्हणून एकट्या तुकड्यावर विश्वास ठेवत नाहीत, आजूबाजूच्या तुकड्यांच्या आकड्यांचा थोडा आधार घेतात.

"म्हणजे ताप शेजाऱ्याला आणि गोळी मला."

"तुमच्या बाबतीत उलटं आहे काका. शेजारी तुम्हाला थंड करतायत. तरी तुम्ही लाल."

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "शेजाऱ्यांनी तुम्हाला थंड केलं हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतेय."

७ मार्च

धंद्यात भीतीचेही दिवस असतात, हे मी कबूल करतो. इथे वाचायला कोण येतंय. हॉस्पिटलची ऑर्डर गेली तर बेकरी वर्षभर टिकेल, शाळेची परत नाही आली तर सहा महिने. आणि त्या समितीने एक दिवस जरी टाळं लावलं तर लोक पुढची दहा वर्षं म्हणतील, 'ती बेकरी, जिला टाळं लागलं होतं.'

आणि यात मेहुणा. हिचा भाऊ म्हणून त्याला मागच्या खोल्यांचं काम दिलंय. बेकरीमागचं जुनं गोदाम मी पाडलं आणि त्या जागेवर अकरा खोल्या उभ्या केल्या. कामगार राहतात, काही बाहेरचे भाडेकरू. नगरपालिकेच्या दप्तरी तिथे मोकळी जमीन आहे आणि मोकळ्या जमिनीला कर लागत नाही. मेहुणा भाडं गोळा करतो, भांडणं मिटवतो आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खातो.

"भाऊजी, मागचे लोक म्हणतात टाकीच्या पाण्याला वास येतो."

"कसला?"

"वास म्हणजे... वास."

"आधी पाणी नव्हतं तेव्हा वासाची तक्रार नव्हती. आता पाणी आहे तर नाक फुटलंय सगळ्यांना. एकवीस तारीख होऊ दे, मग बघू."

माणसाला फुकटचा नळ दिला की तो लगेच त्यातलं पाणी चाखायला लागतो. मी त्यांच्या वयात गुरांच्या हौदातून प्यायलोय. काही झालं नाही.

मळ्या आज उशिरा आला. हा माझा पीठ मळणारा, चौथ्या खोलीत राहतो. त्याच्यासारखा हात या शहरात नाही, पण तोंडाला कुलूप. बायकोच्या अंगात कसकस आहे म्हणाला. ती बनमध्ये क्रीम भरते. आली, भरून गेली. हल्ली बायकांना कसकशीचं फारच कौतुक.

११ मार्च

आज माझ्या कानांनी मला वाचवलं.

नगरपालिकेच्या व्हरांड्यात एक बाक आहे. त्यावर डोळे मिटून बसलं की माणसाला झोप लागली असं सगळे धरून चालतात, आणि झोपलेल्या म्हाताऱ्यासमोर लोक काहीही बोलतात. दोन दुकानं मी अशाच बाकावर बसून मिळवली आणि एक भागीदार ओळखला. तर तिथे बसलो होतो. आतून चष्मिष्टाचा आवाज. तोंडात माझाच बन होता, आवाजावरून कळलं. एक शिक्षिका त्याला विचारत होती.

"अहो, ह्या पत्त्याचं घरच सापडत नाहीये. नुसता भाग लिहिलाय, बाकी काही जुळत नाही. याचं काय करायचं?"

"काही करायचं नाही. मशीनला घर सापडलं नाही की ते आपोआप त्या भागाच्या मधोमध टाकतं."

"मग आपल्या सतराव्याच्या मधोमध काय आहे?"

"काय की. बेकरी असावी."

बेकरी असावी! सव्वीस वर्षं धूर काढतोय मी त्या जागेवर, आणि ह्यांच्यासाठी ती 'असावी'! ज्यांची घरं सापडली नाहीत अशा सगळ्या तापकऱ्यांना ह्या शहाण्यांनी माझ्या धुराड्यात कोंबलं होतं. सामान ठेवायला जागा नसली की लोक जिन्याखाली टाकतात, तसं.

मी बाकावर आणखी थोडा वेळ घोरलो. घाईने उठलं तर संशय येतो.

१२ मार्च

सकाळीच ठिपकेबाईला गाठलं. मी आवाज चढवला नाही. चढवायची गरज नसते तेव्हा मी कधीच चढवत नाही.

"बाई, त्या सोळातले किती माणसं आहेत आणि किती मशीनची मेहेरबानी?"

तिने चष्मिष्टाकडे पाहिलं. चष्मिष्टाने बनकडे. मग ती कॉम्प्युटरवर बसली, बराच वेळ उठली नाही. उठली तेव्हा कान लाल.

"सोळापैकी तेरा," ती म्हणाली. "घर न सापडलेले. काका, ही चूक आमची आहे. मी हे आधी तपासायला हवं होतं."

शिकलेल्या माणसाने चूक कबूल केलेली मी दुसऱ्यांदा पाहिली. पहिल्यांदा पाहिली तो माणूस प्यायलेला होता.

"मग कोण आहेत हे तेरा?"

"नावं-पत्ते मला सांगता येत नाहीत."

"पत्ता असता तर सांगायचा प्रश्न आला असता ना!" मी म्हणालो. ह्यावर चष्मिष्टसुद्धा हसला.

पण ह्या पोरीचं मला कळत नाही. चूक सापडली, मान खाली घालायची, नकाशा दुरुस्त करायचा, संपलं. ती खिडकीशी उभी राहून म्हणते, "म्हणजे तेरा आजारी माणसं कुठेतरी आहेत, आणि कुठे ते मला माहीत नाही."

"माझ्याकडे नाहीत ना? झालं तर."

"हो," ती म्हणाली. "पण कुठेतरी आहेत."

नसती काळजी करायचा पगार मिळत असावा.

१५ मार्च

एकवीस तारखेचं भाषण तयार करतोय. ही समोर बसून ऐकते आणि मध्येच भाजी निवडते, त्यामुळे कुठलं वाक्य रुचलं ते कळत नाही.

मळ्याची बायको आली नाही. ताप उतरत नाही म्हणे. क्रीम भरायला दुसऱ्या खोलीतलीला बसवलं, तिचेही डोळे खोल गेलेले. सगळ्या जणी आळशीपणात एकमेकींचा आधार घेतात, ठिपकेबाईच्या तुकड्यांसारख्या.

मेहुणा आला. "भाऊजी, मागच्या आजाऱ्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलंय. पत्त्याचं मी त्यांना नीट शिकवून ठेवलंय, काळजी नको."

मी तेव्हा भाषणातल्या 'मान्यवर' नंतर थांबायचं की नाही ते बघत होतो. "बरं बरं," म्हणालो.

१८ मार्च

चष्मिष्टाला ताप! टायफॉइड निघाला! मी हसू आवरू शकलो नाही. ठिपके मांडणारा स्वतःच ठिपका झाला. तो राहतो नवव्या तुकड्यात, त्यामुळे आता नववा गुलाबी होणार. मी ठिपकेबाईला म्हणालो, "बघा, तुमच्या खोलीत जंतू आहेत. तुमचीच बेकरी बंद करा."

ती हसली नाही. मला विचारलं, "काका, तो बाहेर कुठे काही खात होता का?"

"तो? तो मिळेल तिथे खातो," मी म्हणालो. "मी पाहिलंय ना."

तिच्यासाठी नेलेले बन परत आणले. ती खातच नाही. मग ते शेजारच्या खात्यात वाटले, तिथल्या लोकांना खाण्याची कदर आहे.

२१ मार्च

जिंकलो.

सभा भरगच्च होती. मी आधी समितीला माझी भट्टी सांगितली, मग पोती वाहिलेले दिवस, मग नकाशा. आणि मग तो बॉम्ब टाकला. "मान्यवर! ज्याला घर सापडत नाही त्याला ह्या नकाशाने माझ्या घरी पाठवलंय. सोळातले तेरा! मी बेकरी चालवतो, धर्मशाळा नाही!" टाळ्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

रंगात आलेल्या माणसाला थांबवायला बायको लागते आणि ती घरी होती. मी टेबलावर हात आपटला. "माझ्या बेकरीपासून हाकेच्या अंतरावर कोण शिंकलं तेही मला कळतं. त्या तेरातलं एक घर, एक, त्या हाकेच्या अंतरात दाखवा! माझं शटर मी स्वतःच्या हाताने, एकटा, खाली ओढीन. सव्वीस वर्षांत ते कधी खाली आलेलं नाही!"

सगळे उभे राहिले. साहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला: तेरा ठिपके पुसून टाकायचे, सतरावा तुकडा पांढरा करायचा, तिथलं पाणी तपासायचं काम थांबवायचं.

ठिपकेबाई उठली. "पुसू नका. जागा चुकली आहे, माणसं चुकलेली नाहीत. ठिपका पुसल्याने ताप जात नाही."

"जागाच नाही तर ठिपका कुठे काढणार?" साहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाक्य पूर्ण केलं, आणि तेही माझ्या बाजूने.

"एवढं तरी ऐका," ती म्हणाली. "तेरापैकी अकरा जणांनी खूण एकच दिली आहे. जुन्या गोदामामागे. शहरातली तीन जुनी गोदामं मी स्वतः पाहून आले. एकामागेही कुणी राहत नाही. चौथं कुठलं गोदाम इथे होतं का, कुणाला आठवतंय?"

कुणाला आठवेना. समितीतले सगळे इथे आले तेव्हा ते गोदाम पाडून झालं होतं.

मेहुणा माझ्या मागच्या खुर्चीवर होता. त्याने पायातला बूट काढला, आत पाहिलं, पुन्हा घातला. मी वळलो नाही. लोक हात मिळवायला आले होते, मी हात मिळवत राहिलो.

२२ मार्च

मेहुण्याला पिठाच्या खोलीत घेतलं.

"गाढवा, हा पत्ता द्यायला कुणी सांगितलं त्यांना?"

"तुम्हीच, भाऊजी. खोल्या बांधल्या तेव्हा. म्हणालात, बेकरीचा पत्ता कुठे द्यायचा नाही, कुणी विचारलं तर जुन्या गोदामामागे म्हणायचं."

"तेव्हा लोकांना गोदाम आठवत होतं!"

"मग तुम्ही बदल म्हणाला नाहीत."

ह्या माणसाला सांगितलेलं तेवढंच कळतं, आणि तेही वीस वर्षं कळत राहतं. मी त्याला म्हणालो, तोंडातून शब्द काढलास तर बहिणीच्या घरी जेवायला मिळणार नाही. ही दारात उभी होती. ती म्हणाली, "जेवायला मी वाढते. ते मी ठरवीन."

हॉस्पिटलची ऑर्डर पक्की झाली. शाळेतून फोन होता. सकाळी रांग कोपऱ्यापर्यंत होती. मला आनंद व्हायला हवा, आणि झालाय, असं मी लिहून ठेवतो.

२४ मार्च

ठिपकेबाई बेकरीत आली. एकटीच. तिची माणसं साहेबांनी एकतिसाव्या, त्या जरा जास्त गुलाबी तुकड्यात हलवली आहेत, सतरावा आता पांढरा ना.

ती म्हणाली, "काका, तुम्ही त्या दिवशी बरोबर होतात. मी रागावून आलेली नाही. मदत मागायला आलेय."

"बोला."

"हाकेच्या अंतरातलं तुम्हाला सगळं माहीत असतं म्हणालात. तुम्ही इथले जुने. जुनं गोदाम म्हणून इथे आणखी कुठलं होतं?"

ती माझ्याकडे सरळ बघत होती. संशयाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं, मी संशयी माणसांना रोज हाताळतो. तिचा माझ्यावर चक्क विश्वास होता. माझ्या पाठीमागे भिंत आणि भिंतीमागे त्या खोल्या.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

"लवकर सांगाल? दवाखान्यात एक बाई आहे, तिच्या आतड्याला भोक पडलंय. ऑपरेशन करतायत. तिचा पत्ताही तोच."

ती गेल्यावर कळलं की मळ्या आज आलाच नाही.

म्हणजे मी ह्या शहरातल्या सर्वांत मूर्ख माणसाला शोधत इतके दिवस नगरपालिकेत हेलपाटे घातले.

२५ मार्च

मळ्या दुपारी आला. ऑपरेशन झालं, बाई अजून शुद्धीवर नाही. मी म्हणालो, घरी जा. तो म्हणाला, घरी बसून काय करू, आणि मळायला लागला. मग मान वर न करता म्हणाला:

"शेठ, एक विचारू?"

"विचार."

"दवाखान्यात डॉक्टरीणबाई विचारतात, राहता कुठे. मी आपलं शिकवलेलं सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथे काही नाही, खरं सांगा, बाकीच्यांनाही तपासायचंय. तीनदा विचारलं." त्याने पिठाचा गोळा उलटा केला. "खरं सांगू का, शेठ?"

त्याच्या बायकोच्या पोटात भोक पडलंय आणि तो मला विचारतो की मी राहतो कुठे ते सांगू का. मी इतकी वर्षं त्याला विश्वासू म्हणत आलो. आज त्या शब्दाची मला किळस आली.

भिंतीपलीकडे टाकीचा नळ सुरू झाला. कुणीतरी कळशी भरली, दुसरीने हंडा लावला. मग बादली. हे आवाज इतकी वर्षं होते. मला शिंक ऐकू येते, व्हरांड्यातली कुजबुज ऐकू येते, भागीदाराची लबाडी ऐकू येते. आज पहिल्यांदा हा नळ ऐकला आणि तो काही बंद होईना.

"सांग," मी म्हणालो. "पण थांब. आधी नळ बंद करू."

मी स्वतः जाऊन टाकीखालचा मुख्य कॉक फिरवला. ओळीतल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. एक म्हणाली, "शेठ, भाडं थकलंय का कुणाचं?"

मी म्हणालो, पाणी खराब आहे. ती म्हणाली, "ते आम्हाला ठाऊक आहे."

२६ मार्च

सकाळी नकाशाच्या खोलीत गेलो. हातात बन नव्हते. ठिपकेबाईने आधी माझ्या रिकाम्या हातांकडेच पाहिलं.

"चौथं गोदाम माझं होतं," मी म्हणालो. "चला, दाखवतो."

तिने खोल्या पाहिल्या. टाकी पाहिली, टाकीवरची अर्धी फुटलेली फरशी पाहिली. मग टाकीकडून नळाकडे येणारा पाइप पाहिला. तो संडासाच्या खड्ड्याला चिकटून जातो, कारण मी बांधताना तोच रस्ता जवळचा होता. मग बेकरीत आली. हात धुवायची जागा विचारली. मी दाखवली, तीही त्याच टाकीवर. क्रीम कोण भरतं विचारलं. मी सांगितलं. भट्टीतून निघाल्यावर भरतात ना, तिने विचारलं. हो, मी म्हणालो. तेव्हा मला चष्मिष्ट आठवला, आणि शेजारच्या खात्यातले ते कदरदान.

त्यांची नावं मी तिला सांगितली. तिने लिहून घेतली.

मी वाट बघत होतो की ती आता म्हणेल, 'बघा, मशीनने बेकरीवरच टाकलं होतं.' एकदा तरी म्हणायला हवं होतं. मी असतो तर बॅनर लावलं असतं. ती मात्र पाइपशी उकिडवी बसून बाटलीत पाणी भरत म्हणते, "काका, ह्या खोल्यांत किती माणसं राहतात? तुमच्या भागाच्या वस्तीच्या आकड्यात हीसुद्धा नव्हती. तोही बदलावा लागेल." एवढंच. शिकलेल्या माणसांना जिंकता येत नाही, हे मी त्यांच्याविषयी नेहमीच म्हणत आलोय. पण जिंकल्यावरही त्यांना जिंकता येत नाही, हे मला माहीत नव्हतं.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आता कर लागेल." लागेल, मी म्हणालो. इतकी वर्षं त्याला मूर्ख म्हणायचं काम मी एकटा करत होतो, त्याने ते अंगी बाणवलं, यात त्याचा काय दोष.

साहेबांचा फोन आला. समिती बसेल, चर्चा होईल, निर्णय यथावकाश कळवू. मी म्हणालो, समितीची वाट बघायला माझ्याकडे वेळ नाही. त्यांना ते फारच लागलं.

भट्टी विझवली. तयार माल घमेल्यात भरून जाळायला काढला. मागच्या सगळ्यांना रांगेने तपासायला पाठवलं. टँकर आला. ही त्याच्यापाशी उभी राहून पहिल्या हंड्यापासून भांडणं सोडवत होती. मळ्याचा निरोप आला. बायको शुद्धीवर आहे, डॉक्टरीणबाई म्हणतात अजून दोन दिवस काही सांगता येत नाही.

मग मी शटरकडे गेलो. रस्त्यावर माणसं थांबली होती, सभेतलेही दोघे-तिघे होते. बाही सरसावली, हँडल धरलं, ओढलं.

शटर गंजलं होतं. ते माझ्या डोक्याइतकं खाली आलं आणि अडकलं. शेवटी मेहुणा, मळ्याचा शेजारी आणि ठिपकेबाई, अशा तिघांनी लटकून ते जमिनीला टेकवलं.